टेप आली तेव्हा

टेप आली तेव्हा अनंत नागपुरात नव्हता. भूजल कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर दोघंच काम करायचे, जया आणि तो. गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रामांची एक लायब्ररी परदेशातलं एक विद्यापीठ मागेल त्याला टेपवर भरून फुकट देतं, हे त्यानंच शोधून काढलं होतं. "मूळ कोडसकट देतात. आपण आपल्या मशीनवर उभी करू," म्हणाला होता. मग बंगलोरची नोकरी लागली आणि तो गेला.

जयानं एकटीनंच काम हाती घेतलं. कोड दुसऱ्याच जातीच्या मशीनसाठी लिहिलेला. कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा इथला कंपायलर पहिल्याच फाइलला अडला. एक चूक काढावी, तर खाली ढीगभर नव्या.

"काहून डोकं फोडून राहिल्या, जयाबाई?" साहेब, महादेवराव, म्हणाले. "तयार पॅकेज घेऊन टाकू ना पुढं कधी."

घरी, इंदोऱ्यात, आईनं विचारलं, "काय करून राहिली वं तू एवढ्यात?"

"लायब्ररी बांधून राहिली."

आईचा चेहरा उजळला. "आपल्या वस्तीत?"

जया समजावायला गेली आणि अर्ध्यावरच थांबली.

पुढे सगळं कंपाइल झालं, तरी चाचणीची उत्तरं चुकतच होती. उन्हाळा सरता सरता तिला सापडलं. मशीन किती लहान आकडा धरू शकतं, हे सांगणारी ओळ त्या परक्या मशीनचीच राहिली होती. तिनं ती बदलली. चाचण्या भराभर पास झाल्या. "झालं!" म्हणत ती वळली. मागे अनंतचं टेबल होतं, त्यावर कोणीतरी जुन्या फायली रचून ठेवल्या होत्या.

दुपारीच ती सदर भागातल्या एसटीडी बूथवर गेली.

"अनंत, लायब्ररी उभी राहिली!"

"कोणती गं?"

"आपण टेप मागवली होती ती."

"अरे हो! आली का ती? छान. इथे आम्हाला सगळं तयारच मिळतं. बाकी तू कशी आहेस?"

"बरी आहे," जया म्हणाली. अजून सांगायचं बरंच होतं, पण तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं रामटेककडच्या विहिरींचं अडून पडलेलं गणित चालवलं. धानाच्या पट्ट्यात पाणी कुठं खाली चाललंय, ते कागदावर उतरलं. "वा!" म्हणून महादेवरावांनी सही केली आणि कागद पुढे पाठवला.

दुरुस्ती करणाऱ्यानं कोडमध्ये आपलं नाव लिहायची रीत होती. जयानं दोन्ही नावं टाइप केली. थोडा वेळ बघत बसली. मग अनंतचं खोडलं, आपल्या नावापुढे 'नागपूर' लिहिलं, आणि दुरुस्तीची टेप विद्यापीठाकडे पाठवायला बांधून ठेवली. डबा घेऊन ती एकटीच जेवायला खाली उतरली.