नाव रेक्झिनचं, मशीन चामड्याची

सासऱ्याबरोबर शिलाई मशीन घ्यायला जावं लागेल, हे गीतांजलीच्या स्वप्नातही नव्हतं. अकोल्याला जायचं ते जीवनबरोबर, असं नवराबायकोत पक्कं झालं होतं. जीवन म्हणजे गरीब गाय, बायको बोट दाखवील ती मशीन उचलून गाडीत टाकणारा. पण शेवंतीची तोडणी नेमकी त्याच दिवशी निघाली आणि खुशालराव टोपी चढवत म्हणाले, "मी जातो हिच्यासंगं. घरात लोखंड येऊन राहिलं, पाहून घ्या लागते." या माणसाने बैल, विहिरीवरची मोटर, एवढंच काय सूनसुद्धा स्वतः पारखून घरात आणलेली. त्यांना नाही म्हणायची छाती घरात कोणाचीच नव्हती.

म्हणून आता अकोल्यात, किशोरच्या मशीनच्या दुकानात ती सासऱ्याशेजारी स्टुलावर बसली होती आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरत होती.

तिला भीती कशाची होती, ते सांगायला हवं. भातकुलीजवळच्या त्यांच्या गावात शिवाराच्या टोकाला देवीचं लहानसं देऊळ आहे. तिला रोज पहाटे हार जातो तो खुशालरावांच्या घरचा. पिढ्यान् पिढ्यांचा मान तो. आणि ज्या घरात देवीचा हार ओवला जातो त्या घरात चामडं येत नाही. चपला कुंपणाबाहेर. जीवनचा कमरेचा पट्टा कापडी. त्याच्या मामाने लग्नात हौसेने कातडी पाकीट दिलं, तर ते गोठ्यात खुंटीला टांगलं गेलं आणि उंदरांनी खाल्लं. तुम्हा-आम्हाला हसू येईल, पण त्या घरात यावर कोणी हसत नसे.

अशा घरची सून रोज अमरावतीला मंजुषाच्या कारखान्यात पिशव्या शिवायला जायची. रेक्झिनच्या, असं घरी सांगितलेलं. सुरुवातीला ते खरंही होतं. मग एक दिवस मंजुषाने तिच्या हातात चामडं दिलं आणि बाई त्यात रमली. रेक्झिन शिवताना तिला जांभया यायच्या, चामडं शिवताना ती डबा खायला विसरायची. मंजुषाचे वडील जोडे शिवायचे. त्यांच्या घरी बसून गीतांजली जेवायची, हेही तिने घरी सांगितलं नव्हतं. एक खोटं बोललं की त्याला सोबत म्हणून दुसरं लागतंच.

आता मंजुषा नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याला निघाली होती. जाताना गिऱ्हाइकं गीतांजलीच्या हवाली करून चालली होती. मशीन आली तर काम तिचं, नाही आली तर पुन्हा सासूशेजारी बसून फुलांचे देठ खुडायचे. आणि मशीन ठेवायची घरात. आजवर चामडं अमरावतीत राहत होतं, आता ते उंबरा ओलांडणार होतं. हारही राहावा आणि कामही राहावं म्हणून तिने ठरवलं होतं, तोंडाने रेक्झिन म्हणायचं, मशीन चामड्याची घ्यायची आणि काम दार लावून करायचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला कोणी सांगावं?

"काय शिवाचं हाये ताई?" किशोरने विचारलं. "रेक्झिन का चामडं?"

"रेक्झिन," गीतांजली म्हणाली.

"मंग हे पाहा." त्याने एक हलकी मशीन पुढे ओढली. "रेक्झिनसाठी एकदम फस्क्लास."

गीतांजलीची नजर मागच्या मोठ्या मशीनवर होती. मंजुषाकडे होती तशीच. खालचे दाते आणि वरचा पाय दोन्ही मिळून माल पुढे ओढतात, त्यामुळे जाड पदर सरकत नाहीत. "थे मोठी दाखवा ना," ती म्हणाली.

"थे कायले? थे चामड्याची हाये. रेक्झिनले एवढी मशीन म्हणजे मुंगी माराले तोफ!" किशोर हसला. माणूस प्रामाणिक निघाला, हेच तिचं दुर्दैव. "काकाजी, तुमीच सांगा. नसती वस्तू गळ्यात मारणारा दुकानदार नाही मी."

खुशालरावांनी हलक्या मशीनचं चाक हाताने फिरवून पाहिलं, कान लावून ऐकलं, आणि मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, गीतांजलीला कळेना. एक शब्द बोलायचा अवकाश होता. चामडं म्हटलं की हार जाणार. रेक्झिन म्हटलं की ही खेळण्यातली मशीन घरी येणार, तिसऱ्या पदराला सुई मोडणार, आणि मंजुषाची गिऱ्हाइकं पाठ फिरवणार. तिला स्वतःचाच राग आला.

"रेक्झिनच हाये," ती पुन्हा म्हणाली. "हेच द्या."

"चामडं हाये," खुशालराव म्हणाले.

किशोरने दोघांकडे पाहिलं.

"चामडं शिवते थे," खुशालराव त्याच्याकडेच बघत म्हणाले. "जाड. मोठी दाखव." मग सुनेला, "तुकडा आणला असशीन त काढ."

तिने आणला होता, पिशवीच्या तळाशी, साडीच्या चिंधीत गुंडाळून. तिने चिंधी सोडली. किशोरने जाड दोरा घातला, सुई बदलली. तीन पदर तिने एका दमात शिवले. टाका मोत्यासारखा पडला, वरून तसाच खालून. क्षणभर ती सगळं विसरून हसली, आणि दुसऱ्या क्षणी सासऱ्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू मावळलं.

"तेलपाणी करून ठेव," खुशालराव किशोरला म्हणाले, "आमी चहा घेऊन येतो."

रस्त्यापलीकडच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले.

"तुमाले कदी समजलं, मामाजी?"

"पोळ्याच्या आंधी. जन्म फुलात गेला माझा. तू घरात आली का चामड्याचा वास समजे."

"मंग मले कावून नाही इचारलं?"

"तू कावून नाही सांगतलं?"

"हारासाठी नाही सांगतलं," ती म्हणाली. "तुमचा हार सुटू नाही म्हून."

खुशालरावांनी पेला खाली ठेवला. "हार पोळ्यापासून खालच्या गल्लीच्या पुंजाजीच्या घरचा जाते."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. रोज पहाटे तिने त्यांना ओसरीवर हार ओवताना पाहिलं होतं. रोज ते केळीच्या पानात हार घेऊन निघायचे.

"माझा हार मी नाल्यात सोडतो," ते म्हणाले. "पुंजाजी देवळामागं उभा रायते, त्याचा हार आत जाते. त्याले सांगतलं, कोणापाशी बोलू नको. येत्या नवरात्रात मान त्याच्या नावावर करून देतो. चामड्याच्या हाताचं अन्न खातो मी. तुझ्या हातची भाकर. मंग देवीपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू?"

"तुमी मले काम बंद कर म्हनलं असतं..."

"म्हननार होतो. चार डाव म्हननार होतो. राग आला होता मले, अजून हाये. घरात खोटं बोलली तू." ते थांबले. "पन तू तिकून आली का गाणं म्हनत भाकरी थापे. आमच्या घरात कोणी गाणं म्हनत नोतं."

गीतांजलीने पदर तोंडाला लावला. ज्याच्यासाठी इतके दिवस जीव मुठीत धरून खोटं बोलली, तो हार केव्हाच नाल्याला लागला होता. आणि तिच्या खोट्याला तो म्हातारा रोज पहाटे एक हार घालत होता.

"नको मले मशीन," ती म्हणाली. "चाला घरी. तुमी हार वापस घ्या."

"देवापुढचा मान आज सोडला अन् उद्या वापस घेतला, असं होते का?" त्यांचा आवाज चढला. टपरीवाल्याने मान वळवली, तसे ते खाली बघून हळू बोलले. "आता मशीन बी नाही घेतली, त मी हार कायच्यासाठी सोडला?"

समोरून किशोर दुकानाच्या दारात आला. "काकाजी, कोणती बांधू?"

खुशालरावांनी सुनेकडे पाहिलं. गीतांजली उभी राहिली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "चामड्याची."