न पुसलेली जागा

दिघीच्या बंदरावरच्या पेटीत भूत शिरलंय, असं मनुबाई छातीठोकपणे सांगत होती, आणि अनुयाला तिला वेड्यात काढता येत नव्हतं. होड्यांवरून आलेले निरोप पडद्यावर दाखवणारी ती पेटी. तिच्या आतली प्रणाली अनुयानेच लिहिलेली. काल मनुबाईच्या रघूने समुद्रातून 'ठीक आहे' एवढंच कळवलं, पण त्याला चिकटून पडद्यावर आणखी उमटलं: 'पाणी आत येतंय. अनू, मी तुला'. ते वाचून पोरं भर उधाणात होडी घेऊन धावली. एकाचा हात मोडला.

"माज्या पोराच्या तोंडी कोना बुडालेल्याचं बोलनं येतंय, बाय. आज रघू परत दर्यात गेलाय. कायतरी कर," मनुबाई म्हणाली.

अनुयाला 'अनू' म्हणणारा एकच होता, हे बंदरावर कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा नवरा हर्षद. गेल्या वादळात बुडाला. त्याचा शेवटचा निरोप पेटीपर्यंत पोचला होता, पण त्या दिवशीच्या गर्दीत पडद्यावर आलाच नाही.

भूतबीत काही नव्हतं. प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, जो भाग निरोपांना मेमरीतली जागा वाटून देतो, तो ती जागा आधी पुसतच नव्हता. उष्टं ताट न विसळता पुढच्याला वाढावं, तसला गलथानपणा, आणि तोही अनुयाचाच. नवा निरोप आखूड असला की खालचा जुना उघडा पडे. दुरुस्ती एका ओळीची. कालच्या कितीतरी आधी पडद्यावर पहिल्यांदा 'अनू' दिसलं तेव्हाच तिला ती कळली होती. पण मग हर्षदही पुसला जाणार! म्हणून ती टाळत राहिली, आणि पुढचं कधीतरी दिसेल या आशेने पेटीवर चाचणीचे निरोप पाठवत राहिली.

आता रघू बाहेर होता आणि त्याची आई समोर उभी होती. अनुयाने आधी सगळी मेमरी लॅपटॉपवर उतरवून घेतली. हे पूर्वीच का केलं नाही? पुढचं नसलंच तर, याची भीती वाटत होती, दुसरं काय.

'अनू, मी तुला' सापडलं. पुढच्या जागेत मात्र हर्षदचं अक्षरही नव्हतं. तिथे तिचाच चाचणीचा निरोप बसला होता: 'हर्षद, बोल ना.' त्याच्या पुढे पुन्हा तोच. हर्षदच्या शब्दांवर तीच लिहीत गेली होती.

तिने ती एक ओळ लिहिली आणि पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. थोड्या वेळाने रघूचा निरोप आला: 'खाडीत शिरलो.' मागे काही नव्हतं.

"गेला गो बाय, गेला एकदाचा!" मनुबाईने आनंदाने कानशिलांवर बोटं मोडली.

"हो मावशी, गेला," अनुया म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.