आतल्या कडेने झिजलेला बूट

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच असतो, पण तो भोळा आहे. जो पायात घालील त्याच्यावर त्याचा विश्वास. माझे तसे नाही. मित्रांनो, मी माणसांना कायम खालून पाहत आलो आहे, आणि खालून पाहिले की कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

कारखान्यात मला साच्यावर ताणले, सोल चिकटवला आणि कागदात गुंडाळून खोक्यात घातले. खोक्यावर धावणाऱ्या माणसाचे चित्र होते. मला ज्यांच्या पायात जायचे होते ते मात्र कधी धावलेले दिसत नव्हते. माझे मालक चपला-बूट दुरुस्त करणारे कारागीर. दिवसभर मांडी घालून बसायचे, लोकांच्या बुटांना टाचा ठोकायच्या, मध्येच सिगारेट ओढायची आणि येता-जाता खारे शेंगदाणे तोंडात टाकायचे. मालकीणबाई दुकानात पुढे बसून गिऱ्हाइकांचे जोड घेत. असा बैठा माणूस मला कशाला घेतो, असे मला पहिल्याच दिवशी वाटले. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होते.

कारण लवकरच कळले. मालकांच्या छातीत मागे जोराची कळ आली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की सिगारेट बंद, मीठ आणि तळण कमी, भाज्या-फळे जास्त, आणि रोज चालायचे. मालकीणबाईंनी जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली उचलून कपाटात ठेवली आणि मला विकत आणले.

पहिल्या सकाळी आम्ही चढाच्या रस्त्याने निघालो. मालक तरुणासारखे झपाझप चालत होते. चढ अर्धा झाला आणि ते एकदम थांबले, भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांची बोटे माझ्या आत आखडली होती. बऱ्याच वेळाने आम्ही माघारी फिरलो. घरी मालकीणबाईंनी विचारले, तर म्हणाले की झकास वाटले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चढाकडे फिरकलोच नाही. पाण्याच्या टाकीमागे एक बाक होता, तिथे जाऊन बसायचे. सिगारेट सुटली होती, पण खाऱ्या दाण्यांची पुडी निघायची. वेळ झाली की तोंड पुसून घरी. डावा म्हणायचा, विश्रांती घेत असतील. मी म्हटले, चालल्याशिवाय विश्रांती कसली?

घरी आणखी एक माणूस माझ्यासारखाच संशयी होता. मालक आंघोळीला गेले की मालकीणबाई मला उलटे करून माझा कोरा सोल बघत आणि परत जागेवर ठेवत. मालकांना याचा सुगावा लागला असावा. कारण एका सकाळी बाकावर त्यांनी खिशातून कानस काढली. माझे तर धाबेच दणाणले. त्यांनी मला उलटे धरले आणि टाचेची बाहेरची कड हळूहळू घासायला सुरुवात केली. हात कसलेला होता. कोणालाही वाटावे, बूट रोज रस्ता तुडवतो आहे.

त्या दिवशी मालकीणबाईंनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरले. मग मालकांची जुनी चप्पल आणून माझ्याशेजारी पालथी ठेवली.

"अहो, हे बूट घालतं कोण?"

"मीच. दुसरं कोण घालणार?"

"तुमचा उजवा गुडघा आत वळतो. तुमची चप्पल आतल्या बाजूनं झिजते, लग्न झाल्यापासून बघतेय मी. हा बूट बाहेरनं झिजलाय."

मालक खालीच बसले. दुकानात येणारे बहुतेक बूट टाचेला बाहेरूनच झिजलेले असत, त्यामुळे त्यांचा हात सवयीने तिकडेच गेला होता. साऱ्या गावाची चाल ते ओळखत. स्वतःची त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"चढावर छातीत दाटून आलं," ते खाली बघत म्हणाले. "वाटलं, इथंच पडलो तर तुला सांगायला कोण येणार? मग पुन्हा धीरच झाला नाही."

मालकीणबाईंचे डोळे भरून आले. त्यांना राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटली होती.

"मला फसवलंत, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण छातीतल्या काळजाला कसं फसवणार होता?"

त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. चालताना छातीत दाटले तर थांबायचे आणि लगेच कळवायचे असते, लपवायचे नसते, असे डॉक्टरीणबाईंनी चांगले खडसावले. तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या. सुरुवात सपाट रस्त्याने करा, म्हणाल्या, आणि चालता चालता गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. दाण्यांच्या पुडीचीही कबुली मालकांनी तिथेच देऊन टाकली.

पुढच्या आठवड्यात घरात बुटांचे नवे खोके आले. मी ओळखले, आपले दिवस भरले. खोट्या झिजेचा बूट कोण ठेवणार? रात्रभर मी त्या खोक्याकडेच बघत राहिलो. सकाळी खोके उघडले तेव्हा आतला जोड माझ्याहून बराच लहान निघाला. तो मालकीणबाईंच्या पायांत गेला.

आता आम्ही चौघे बूट रोज सपाट रस्त्याने जातो. मालकीणबाई मुद्दाम काहीबाही विचारत राहतात आणि मालकांचा श्वास ऐकतात. मीही कान देऊन असतो, माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. पण परवा मालकांनी मला उलटे केले आणि पाहतच राहिले. माझी आतली कड झिजली होती. एवढा आनंद मला कोरा करकरीत असतानाही झाला नव्हता.

मित्रांनो, आज घरी गेलात की मोठ्या माणसांचे बूट जरा उलटे करून बघा. सोल झिजलेला असेल तर गुपचूप जागेवर ठेवा. कोराच असेल तर ओरडू नका. कशाची भीती वाटते, ते जवळ बसून विचारा. आणि मग तुमचेही बूट पायात घाला.