अर्ध्या इंचाची माया

मी एक जुनी पिवळी गाडी आहे. दारं दोनच, मागचं उघडतं ते धरून तीन. उन्हाने टपाचा रंग थोडा विटला आहे, पण अजूनही गल्लीच्या टोकावरून मी ओळखू येते. मित्रांनो, माझं वय झालं आहे आणि वय झालं की बोलायला कुणीतरी लागतं, तेव्हा जरा जवळ या. बॉनेटवर तेवढं बसू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे इंजिन बसवणाऱ्यांचा रुबाब काही वेगळाच असे. त्यांनी माझ्या एवढ्याशा अंगात भलं थोरलं इंजिन बसवलं, त्यामुळे मी जन्मापासूनच उतावळी. कारखान्याच्या एका कोपऱ्यात माझ्या सीटची कव्हरं शिवणारी एक बाई होती. ती लाल दोऱ्याने शिवायची आणि शिवताना कुणाकडे मान वर करून बघायची नाही. मीही तेव्हा तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष इंजिनाकडे होतं.

तिथून मी शोरूममध्ये आले आणि सात महिने तिथेच राहिले. लोक यायचे, माझ्याभोवती फिरायचे, "छान आहे हो, पण पिवळी आहे," असं म्हणून पांढरी गाडी घेऊन जायचे. सुरुवातीला सेल्समन मला रोज पुसायचा. पुढे तोही कंटाळला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि मग एक दिवस माझं माणूस आलं.

ते होते दातांचे डॉक्टर. त्यांच्या घरी एक करड्या रंगाची मोठी गाडी होती, तिला मी पुढे थोरली म्हणू लागले. थोरली डॉक्टरांना रोज दवाखान्यात नेई. पण डॉक्टरांना गाडी पळवण्याचं वेड होतं. गावाबाहेर शर्यतीचा एक ट्रॅक होता, तिथे महिन्यातल्या एका रविवारी कुणीही आपली गाडी नेऊन मनसोक्त पळवू शकत असे. थोरलीला तिथे नेणं म्हणजे कपाट पळवण्यासारखंच होतं.

एक दिवस डॉक्टर गॅलरीत उभे राहून मित्राशी फोनवर बोलत होते. "घरात एक आहेच रे, पण तिच्यात आता दम नाही. दुसरी आणायची म्हणतोय. लहानशी, देखणी, जरा चपळ. बायको? अरे, तीच येणार आहे पसंत करायला!" शेजारच्या काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांची झारी तिथेच कलंडली. तासाभरात त्या डॉक्टरांच्या बायकोचं सांत्वन करायला आल्या. "रडू नकोस गं, मी आहे तुझ्या पाठीशी," म्हणाल्या. बिचारीला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. "अहो काकू, तिला चार चाकं आहेत!" एवढंच कसंबसं तिला बोलता आलं.

डॉक्टरांची बायको म्हणजे माझ्या शिंपीणबाई. त्या नाटकांचे पोशाख शिवत. कापड आणणं, नटांच्या घरी जाऊन मापं घेणं, तयार पोशाख रंगमंदिरात पोचवणं, वर लेकीला शाळेत सोडणं, ही सगळी धावपळ त्या बसने करायच्या. त्यांनाही गाडी हवीच होती. तेव्हा नवराबायकोचं ठरलं, की एकच गाडी घ्यायची आणि ती दोघांच्या कामाची बघायची.

"रोज ती माझी, महिन्यातला एक रविवार तुझी," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण तुझ्या रविवारामुळे माझं एक जरी काम अडलं, तर गाडी जाणार. कबूल?"

"कबूल," डॉक्टर म्हणाले. माझ्या आयुष्याची दोरी ह्या एका शब्दाला बांधलेली होती, मित्रांनो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी दोन गाड्या पाहिल्या होत्या. पहिली इतकी बुटकी, की शिंपीणबाई आत बसल्या खऱ्या, पण त्यांना बाहेर काढायला दोघांना ओढावं लागलं. दुसरीच्या शेपटाशी भलीमोठी आडवी फळी होती, वाऱ्यासाठी. "हे इस्त्रीचं टेबल कंपनीकडूनच मिळतं का?" असं शिंपीणबाईंनी विचारलं आणि तो सौदा तिथेच मोडला.

मग माझी पाळी आली. सेल्समन माझी अश्वशक्ती सांगू लागला. डॉक्टरांची सहा वर्षांची लेक, जिला सगळे चिमणी म्हणत, ती वाकून माझ्या पोटाखाली घोडे शोधू लागली. शिंपीणबाईंनी मात्र पर्समधून टेप काढली. मागची सीट पाडून त्यांनी आतली लांबी मोजली, रुंदी मोजली. "घेरदार झगा न दुमडता मावतोय," त्या म्हणाल्या. मग त्या माझ्या सीटवर बसल्या आणि त्यांनी कव्हरची कड हळूच उलटी करून पाहिली. बराच वेळ त्या ती लाल शिवण न्याहाळत राहिल्या.

"हिने माया ठेवलीय," त्या म्हणाल्या.

"कुणी? कुणावर?" डॉक्टर गोंधळले.

"शिवणारीने. हे बघ, शिवणीच्या आत अर्धा इंच कापड जादा सोडलंय. त्याला आम्ही माया म्हणतो. पुढेमागे उसवलं, आखडलं, तर सावरून घ्यायला. कुणाला दिसणार नाही तिथे ज्यांनी इतकं नीट काम केलंय, त्यांनी बाकीची गाडीही नीट केली असेल. हीच घेऊ या."

म्हणजे बघा, इंजिनाच्या जिवावर मी नाक वर करून उभी होते आणि मला घर मिळालं ते त्या मान खाली घातलेल्या बाईच्या शिवणीमुळे. मला माझीच लाज वाटली.

नंतरची वर्षं फार आनंदात गेली. सोमवार ते शनिवार माझ्या पोटात राजे, चेटकिणी, शिपाई आणि एकदा तर दोन माणसांनी मिळून घालायचा उंटसुद्धा प्रवास करून गेला. चिमणी मागे बसून राजाचा मुकुट घालायची आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतल्यांना हात करायची. शिंपीणबाईंच्या टाचण्या सीटवर सांडायच्या. एकदा ट्रॅकवर पहिल्याच वळणाला डॉक्टर असे किंचाळले, की माझं काहीतरी मोडलं असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर टाचणीवर बसले होते.

दवाखान्यात डॉक्टर फार मऊ माणूस. "अजिबात दुखणार नाही हं," हे वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणत. पण हेल्मेट डोक्यावर चढलं, की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. ट्रॅकवर त्यांनी माझे फार लाड केले. लोक माझे फोटो काढायचे, "एवढीशी आहे, पण काय पळते!" म्हणायचे. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ट्रॅकची एक फेरी दोन मिनिटांच्या आत पुरी करायची, हा डॉक्टरांनी ध्यास घेतला होता. आमची फेरी दोन मिनिटं आणि वर एक सेकंद यायची. तो एक सेकंद काही केल्या जाईना. मग डॉक्टर वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक मारू लागले. शेवटच्या वळणापाशी पाण्याची एक टाकी होती, तिथे तर माझा जीव मुठीत असायचा.

सोमवारी हे शिंपीणबाईंना कळायचंच. "ब्रेक दाबला की ही कण्हते रे," त्या म्हणायच्या. "वळणाला थोडी माया ठेवत जा."

"ट्रॅकवर माया ठेवली तर वेळ कसा कमी होणार?" डॉक्टर हसायचे. मेकॅनिककाकांनीही दोनदा सांगितलं होतं, की ब्रेक ऑइल बदलायला झालंय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. दुसऱ्यांच्या दातांची कीड वेळेवर काढणारा हा माणूस, माझ्या बाबतीत मात्र चालढकल करत राहिला.

शेवटी व्हायचं तेच झालं. त्या रविवारी संध्याकाळी एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि पोशाख तीन वाजेपर्यंत रंगमंदिरात पोचायला हवे होते. थोरली क्लचच्या दुखण्याने गॅरेजमध्ये होती. "एक वाजता दारात असेन," असं सांगून डॉक्टर मला ट्रॅकवर घेऊन गेले. अकराच्या सुमाराला आमची फेरी दोन मिनिटं आणि वर फक्त अर्धा सेकंद आली. तिथे थांबले असते तर! पण डॉक्टर म्हणाले, "आणखी एकच." त्या एकाच्या आणखी चार झाल्या. माझे ब्रेक तापून लाल झाले, आतलं ऑइल उकळलं आणि टाकीच्या वळणावर डॉक्टरांनी पाय दाबला तेव्हा पेडल नुसतंच आत गेलं. मी सरळ बाहेर, खडीच्या पट्ट्यात जाऊन रुतले. डॉक्टरांना खरचटलंसुद्धा नाही. माझा बंपर फुटला आणि रेडिएटरचं पाणी खडीवर वाहून गेलं.

घरी मी मोठ्या ट्रकच्या पाठीवर चढून आले. दोन वाजले होते. वाटेत मला एकच घोर लागला होता. शिंपीणबाई एरवी नवऱ्याला अरेतुरे करत, पण रागावल्या की "अहो डॉक्टर" म्हणत. आज त्या काय म्हणतील?

त्या दारातच उभ्या होत्या, हातावर झगे घेऊन. त्यांनी आधी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग मला.

"अहो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "लागलं नाही ना?"

संपलं, मी मनाशी म्हटलं. आपण विकले गेलो.

शिंपीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या ट्रकवाल्याकडे वळल्या. "दादा, गॅरेजला जाताना रंगमंदिरावरून जाल का? तुमच्या केबिनमध्ये तेलाचे डाग आहेत, कपडे हिच्यातच ठेवते." ट्रकवाला भला माणूस. त्याने मला खाली उतरवलंच नाही. डॉक्टरच ट्रकवर चढले आणि एकेक पोशाख माझ्या पोटात नीट पसरून ठेवू लागले. मग मी तशीच, फुटक्या तोंडाने, ट्रकच्या पाठीवर बसून भर रस्त्याने निघाले. तीनला पाच कमी असताना रंगमंदिराच्या दारात पोचले, तेव्हा सगळी नाटकमंडळी बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागली. माझ्यासारखी वरात कुणाची निघाली नसेल!

आत काय झालं ते मला पुढे शिंपीणबाईंकडूनच कळलं. राणीचं काम करणाऱ्या बाईंना झगा पाठीत बसेना. महिनाभर तालमी करता करता त्या थोड्या भरल्या होत्या. हुक लागेना, त्या रडकुंडीला आल्या. शिंपीणबाईंनी झगा उलटा केला, दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि आतली माया सोडली. डॉक्टर शेजारी टाचण्या धरून उभे होते. वीस मिनिटांत राणी झग्यात बसली.

"तुला आधीच कसं कळलं, की ती जाड होणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कळत नाही म्हणूनच ठेवायची असते."

दोघं बाहेर ट्रकपाशी आले. डॉक्टरांनी माझ्या फुटक्या बंपरवर हात ठेवला. "मी शब्द दिला होता. विकू या हिला."

मी श्वास रोखून धरला, गाडीला जेवढा रोखता येतो तेवढा.

"पोशाख वेळेवर पोचले ना? मग माझं काम कुठे अडलं?" त्या म्हणाल्या. "हिने तर मोडल्या अंगाने पोचवले. अरे, वेड्या, चुकलास तू. हिला का घालवायचं?"

"अरे" ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला.

मी बरी होऊन पुन्हा ट्रॅकवर गेले, तेव्हा ब्रेक ऑइल नवं होतं आणि शेजारच्या सीटवर शिंपीणबाई होत्या. टाकीच्या वळणाआधी, डॉक्टर ब्रेक मारत त्याच्या बऱ्याच अलीकडे, त्यांनी कुंपणाला लाल कापडाची एक पट्टी बांधली. "इथे दाब," म्हणाल्या. डॉक्टरांना ते काही पटलेलं नव्हतं, पण त्यांनी बिनबोभाट ऐकलं. आणि गंमत बघा, मित्रांनो! लवकर ब्रेक मारल्यामुळे मी वळणात डगमगले नाही, आणि डगमगले नाही म्हणून वळणातून लवकर सुटले. चिमणी घड्याळ धरून बसली होती. ती एवढ्याने ओरडली की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली. दोन मिनिटांना अर्धा सेकंद कमी!

ह्या गोष्टीला दहा वर्षं झाली. थोरली केव्हाच गेली. डॉक्टरांचे गुडघे आता कुरकुरतात. माझी सीट हेल्मेटच्या बकलांनी घासून गेल्या महिन्यात कडेला फाटली. सीटवाला म्हणाला, सगळं कव्हरच नवं घाला, नाहीतर ही गाडीच काढा, किती दिवस वापरणार? चिमणी आता एकोणीस वर्षांची आहे आणि येत्या रविवारी तिला मला पहिल्यांदा ट्रॅकवर न्यायचं आहे. तिचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, माझाही.

शिंपीणबाईंनी चष्मा लावला, कव्हरची कड उलटी केली आणि बोटाने आत चाचपलं. मग त्यांना हसू आलं.

"आहे अजून," त्या म्हणाल्या.

कारखान्यातल्या त्या बाईने सोडलेलं अर्धा इंच कापड तिथेच होतं, आतल्या बाजूला, अगदी कोऱ्या रंगाचं. शिंपीणबाईंनी ते बाहेर ओढून घेतलं आणि लाल दोऱ्याने शिवण घातली. सीट पुन्हा धड झाली. मग त्यांनी ट्रॅकच्या कुंपणावरून सोडून जपून ठेवलेली ती जुनी लाल पट्टी चिमणीच्या हातात दिली.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, खेळणं असेल, एखादं दप्तर असेल. त्याला खुशाल पळवा, वापरा, धमाल करा. आम्हाला ते आवडतं. फक्त अगदी शेवटच्या टोकापर्यंत ताणू नका, आणि आम्ही कण्हलो तर पुढच्या रविवारची वाट बघू नका. मला घडवणारी ती बाई आज कुठे असेल, कुणास ठाऊक. तिने मला एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं, तरी रविवारी चिमणी बसणार आहे ती तिच्याच अर्ध्या इंचावर.