फिल्टरचं भांडं

माझे वडील, आबा, आणि मी धरणगावच्या घरासमोर आमच्या जुन्या अँबेसेडरचा डिझेल फिल्टर साफ करत होतो. तेवढ्यात माझा नवरा समाधान आला आणि आल्याआल्याच गाडीवर हक्क सांगत ओरडला, "गाडी मनी शे! लगीनमा कबूल करेल व्हती!"

आबा मान वर न करता म्हणाले, "आधी माझ्या लेकीला नीट नांदवा जवाईबापू, मग गाडीचं बोला."

त्या मेल्यानं बॉनेट धाडकन खाली आपटलं. आबांचा हात आत होता. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. जीव खाऊन बॉनेट उचललं, आबांचा हात सोडवला, तोवर त्यानं माझ्या पेकाटात लाथ घातली, बॉनेट पुन्हा आपटलं आणि गाडी पळवली. चावी गाडीतच होती.

मी मागं धावले नाही. फिल्टरचं खालचं भांडं काढलेलं, माझ्याकडंच होतं; त्याच्याशिवाय टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही. पंपात उरलेल्या डिझेलवर गाडी फार तर पुढच्या नाल्यापर्यंत जाणार होती.

बरोबर तिथंच ती बंद पडली. मूर्ख नुसता स्टार्टर मारत बसला. भांडं बसवून डिझेलच्या लाइनमधली हवा काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, हे आबांनी त्याला शंभरदा शिकवलं होतं.

आबांचा रक्ताळलेला हात ओढणीत गुंडाळला, मोठा पाना उचलला आणि मी गाडीकडं चालत गेले. मला बघून त्यानं दारं लॉक केली, भराभरा काच वर घेतली.

आमच्या गाडीच्या डाव्या दाराची काच वर होतच नाही.

मी डाव्या बाजूनं गेले.