एक इंच खाली

मी पुढचा डिफरन्शियल बोलतोय. नाव अवघड आहे, मान्य. पण ओळख सोपी आहे. चारही चाकांना जोर असलेल्या एखाद्या पिकअपखाली वाकून बघा. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध काळा, तेलकट, बिडाचा एक गोळा दिसेल. तोच मी. इंजिनाकडून आलेला जोर डाव्या-उजव्या चाकाला वाटून द्यायचा, हे माझं काम. पण वाकून बघतो कोण? माणसाची जात बॉनेट पुसणारी! दसऱ्याला हार बॉनेटला, लिंबं चाकाखाली आणि माझ्या वाट्याला चिखल. इतकी वर्षं गप्प होतो. आज मात्र बोलणार, कारण आज माझा तोरा काही औरच आहे.

माझा जन्म ओतशाळेतला. पोटात पोलादी दातांची चक्रं बसवली, तेल भरलं आणि मला एका पिकअपखाली आवळून टाकलं. पहिला धनी सोलापुरातला ठेकेदार. शर्ट कडक इस्त्रीचा, गाडी कायम शहरातल्या सात रस्ता चौकाच्या आसपास. पुढच्या चाकांना जोर द्यायचा दांडा त्यानं सहा वर्षांत एकदाही ओढला नाही. पंगतीला बसवायचं आणि ताट वाढायचं नाही, असला तो प्रकार. मग त्यानं गाडी विकली आणि मी ऋतुराजच्या दारात आलो.

ऋतुराज उजनीच्या पाण्याकाठचा केळीवाला. घरात तो आणि त्याची आई रंभाबाई. तिथली शेती म्हणजे पाण्याशी शिवाशिवी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की केळीला पाणी उपसणारी काठावरची मोटर उतारानं खाली न्यायची. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं की तीच मोटर धावतपळत वर ओढायची. उशीर झाला की मोटर बुडाली, आणि मोटर बुडाली की पुढं केळी तहानली. हे ओढायचं काम पूर्वी त्यांचे बैल करायचे. बैल थकले, म्हणून मी आलो. आता कुठं कामाला लागलो म्हणून मी खूश होतो!

पण पोराला काय सुचावं? काठच्या गाळात गाडीचं पोट टेकतं, म्हणून त्यानं ती तीन इंच उंच करून आणली. अर्धी गरज होती, अर्धी हौस. उगाच खोटं कशाला बोलू? शेजारचे तात्याबा पारावरनं ओरडले, "काय रं ऋत्या, गाडी घेतलीस का उंट?"

गाडी वर गेली, तिच्यासंगं मीही वर गेलो. चाकं मात्र जमिनीवरच राहणार ना! माझ्यापासून दोन्ही चाकांकडं दोन दांडे जातात, त्यांना एक्सल म्हणतात. ते पत्र्याच्या छपरासारखे दोन्हीकडं तिरपे झाले. त्यांच्या सांध्यांवर ग्रीस भरलेले रबरी बूट असतात. ते चोळून चोळून फाटले, ग्रीस उडालं आणि आत चिखल शिरला. गाडी वळवली की कट् कट् कट्. टेंभुर्णीचे शिवयोगी मिस्त्री रबर बदलायचे, महिन्या-दोन महिन्यांत ते पुन्हा फाटायचं. ऋतुराजनं लिंबू-मिरची बांधली, रबराच्या कंपनीला शिव्या घातल्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

मग गेल्या वर्षीचा तो दिवस आला. पाणी वर चढत होतं. मोटरीला साखळी लावली, ऋतुराजनं पुढच्या चाकांना जोर द्यायचा तो दांडा ओढला, गाडी डावीकडं वळवली आणि फटाक! डावा एक्सल सांध्यातून तुटला. माझा स्वभावच असा, की ज्या बाजूला अडत नाही तिकडं मी सगळा जोर देऊन बसतो. मी सगळा जोर त्या तुटक्या बाजूला दिला. पुढची चाकं ढिम्म, मागची गाळात रुतली. रंभाबाईच्या डोळ्यांदेखत मोटर पाण्याखाली गेली. तात्याबांच्या ट्रॅक्टरनं आम्हाला बाहेर ओढलं. ऑक्टोबरच्या उन्हात केळीची पानं करपली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

रंभाबाई फार बोलणारी बाई नव्हे. ती एवढंच म्हणाली, "म्होरल्या वर्सीबी मोटर बुडाली, तर ही गाडी इकायची. म्या बैल आणती."

ऋतुराज खाली मान घालून "व्हय" म्हणाला.

तुटलेला एक्सल नवा बसवला, तरी यंदा मे महिन्यात रबर पाचव्यांदा फाटलं. मोटरीच्या पाइपाच्या तोंडाची झडप, म्हणजे फुटव्हॉल, दुरुस्त करायचा म्हणून रंभाबाईही गाडीतून टेंभुर्णीला आली. गॅरेजात गाडी खड्ड्यावर उभी होती, मिस्त्री खड्ड्यात उतरले होते. रंभाबाईनं पदर खोचला आणि वाकून थेट माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मला असं निरखून बघणारी ती पहिली.

"मिस्त्री, हे दांडं असं घसरगुंडीवाणी का?"

"गाडी उचललीया न्हवं, आक्का. चाकं खाली ऱ्हायली."

"आन् ह्यो मधला गोळा?"

"त्यो गेला की गाडीसंगं वर."

"मग ह्येलाबी उतरवा की! पाणी खाली गेलं की आपुन मोटर वरच ठिवतो व्हय? न्हेतोच की तिच्या मागनं."

मिस्त्रींनी हातातल्या पान्यानंच आपलं डोकं ठोकलं. "अय्यो! चार बार रबर बदललं म्या, डोस्कं एकदाबी न्हाय वापरलं."

सगळ्यांना पटलं, एका ऋतुराजला सोडून. "आये, आता परत खाली केलं तर तात्याबा गावभर करंल."

"आरं, गाडी ऱ्हाऊ दे तुझी उंच. नाकबी ऱ्हाऊ दे. खाली ह्यो येणार हाय, तू न्हाय!"

मिस्त्री खड्ड्यातच हसत सुटले. ऋतुराजही हसला, नाइलाजानं का होईना.

शेजारच्या लेथवर एक इंच जाडीचे पोलादी तुकडे कातून आणले. मला खालून जॅकवर तोललं आणि माझे बोल्ट सोडले. खरं सांगतो, घाबरलो. इतक्या वर्षांची पकड सुटली की कुणाचीही छाती धडधडते. मला हळूहळू एक इंच खाली घेतलं, मधल्या फटीत ते तुकडे घातले, लांब बोल्ट टाकून करकचून आवळलं. दोन्ही एक्सल बरेच सरळ झाले. अहाहा! लग्नाच्या पंगतीतनं उठून करगोटा सैल केल्यावर वाटतं ना, अगदी तसं. नवी रबरं चढली. स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवलं, तर कट् नाही की कुट् नाही.

"आता धोंड्यावरनं जरा जपून," मिस्त्री म्हणाले. "ह्येचं पोट इंचभर खाली आलंय."

ऑगस्टात एके दुपारी गावात एकच गलका उठला, वरनं पाणी सोडलंय! सगळे काठाकडं पळाले. तात्याबांचा ट्रॅक्टर आधीच गाळात अडकून फुरफुरत होता. आम्ही उतारावर गेलो तेव्हा पाणी मोटरीच्या सांगाड्याला लागलं होतं. रंभाबाईनं गुडघाभर पाण्यात उतरून स्वतः साखळी अडकवली आणि हात वर केला.

ऋतुराजनं दांडा ओढला. मी दातात दात घट्ट रोवले. गाडी हलली, साखळी ताणली, आणि वळण आलं, तेच गेल्या वर्षीचं, तेच डावीकडचं. ऋतुराजनं श्वास रोखला. मीही रोखला असता, असता तर! गाडी वळली. दोन्ही एक्सल नीट फिरत राहिले, मी डाव्याला दिलं, उजव्याला दिलं, चारही चाकांनी गाळ चावला आणि मोटर गुमान आमच्या मागं चढावर आली.

"आली! आली गं बया!" रंभाबाई पाण्यातच ओरडली. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात खालनं तात्याबांची हाक आली. "ऋत्या! लेका, तुझा उंट जरा हिकडं आण की!"

आणला की! त्यांची मोटर ओढली, मग ट्रॅक्टर ओढला. दिवस मावळेपर्यंत गावातल्या सहा मोटरी मी वर काढल्या. हो, मी! ऋतुराज म्हणतो त्यानं काढल्या. म्हणू दे बापड्याला. रंभाबाईनं चिखलाच्या हातानं बॉनेट थोपटलं. "ऱ्हाऊ दे गाडी," ती म्हणाली. "बैल नगंत."

आज दसरा. ऋतुराजनं बॉनेटला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. झालं, म्हटलं, संपली पूजा. तर रंभाबाई हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन खाली बसली. पदर सावरून गाडीखाली सरकली.

"आये, तितं काय करतीस? कापडं खराब हुतील!"

"तू गप ऱ्हा. ज्यानं वडलं, त्येला आधी."

आणि तिनं हात लांब करून माझ्या तेलकट कपाळाला हळद-कुंकू लावलं. इंचभर खाली आलो होतो ना, हात बरोबर पुरला.

तेव्हा मंडळी, एकच विनंती. उद्या ही गाडी धुवायला कुणी पाण्याची नळी घेऊन आलात, तर बॉनेट खुशाल लख्ख करा. माझ्याकडं मात्र फवारा मारू नका. अजून सुकलं नाही ते कुंकू.