सायलेन्सरमधल्या तीन चकत्या

"अरे, कप सरळ धर, सांडतोय!" ताई ओरडली, पण मिस्त्रीचं लक्ष कपाकडे नव्हतंच. छपरावरून नुकतंच विमान गेलं होतं आणि मान वर करून तो त्या आवाजाचा कानोसा घेत होता. आत पलंगावर दाजी दचकून उठून बसले. हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून असा आवाज झाला की त्यांची छाती धडधडायची.

"हे आपलं विमान नव्हे," मिस्त्री म्हणाला.

"मग काय माझं? धावपट्टी एक, विमान एक, तेही तुझ्या कॅप्टनचं. सोमवारी तर कसं गुमान गेलं होतं."

गुमान जाणारच, मिस्त्रीने सात महिने त्यात घाम ओतला होता. विमानाचं इंजिन रोटरी. पिस्टन वरखाली होण्याची भानगडच नाही. आत तिकोनी रोटर गरगरतो आणि जळका धूर भस्सकन बाहेर फेकतो. म्हणून दिसायला एवढंसं, पण ओरडायला राक्षस! बरं, धुराची वाट आवळावी तर इंजिन गुदमरतं आणि विमान जमीन सोडत नाही. मोकळी ठेवावी तर अख्खी गल्ली कानात बोटं घालते. त्यात धूर एवढा तापलेला, की बिचाऱ्या मिस्त्रीचे पहिले तीन सायलेन्सर आतून जळून गेले. चौथ्यात त्याने भोकांच्या तीन चकत्या बसवल्या, एकेक भोक कानशीने घासून. आवाज निम्म्यावर आला आणि विमानाला उडायला फक्त तीस पावलं जास्त लागली. ती त्याने स्वतः चालून मोजली होती, दोनदा.

मग ताईला बरोबर घेऊन तो गल्लीत दारोदार हिंडला. "माझ्या शब्दावर आवाजाची तक्रार मागे घ्या," म्हणाला. लोकांनी घेतली. सोमवारी तपासनीस आवाज मोजून, परवान्याच्या कागदावर शिक्का मारून गेला. कॅप्टनने तर मिस्त्रीला मिठीच मारली. "काका, अकरा वर्षांत तुम्ही सुट्टी नाही घेतलीत. जा, चार दिवस बहिणीकडे राहा." मिस्त्रीचे डोळे भरून आले होते. आता ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो तडक हँगरमध्ये गेला. विमान उतरलं होतं, कॅप्टन पेट्रोल भरत होता. सायलेन्सर निवेपर्यंत मिस्त्री थांबला. मग त्याने मागून एक लांब सळई आत घातली. ती कुठेही न अडता सरळ आत गेली.

"चकत्या कुठायत?"

"काका, चिडू नका. मागे दोन माणसं बसवायची तर तेवढी ताकद लागतेच. आणि कागद मिळाला ना आपल्याला!"

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून सुट्टी दिलीस होय रे?"

कॅप्टनने टाकीचं झाकण लावलं. ज्याला पाना धरायला शिकवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता.

"बसव परत. आत्ता."

"नाही जमणार, काका. फेऱ्यांची महिनाभराची तिकिटं विकली गेलीत."

मिस्त्री परतला तेव्हा ताईच्या पुढच्या खोलीत गल्ली जमली होती. नवी तक्रार लिहून तयार होती. त्याने घडलं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग कागदाकडे हात केला. "पहिली सही माझी घ्या. नोकरी गेली तर गेली."

कुणी पेन दिलं नाही. सगळे ताईकडे बघू लागले. तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"तू नको," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर हे सगळे एकदा तोंडघशी पडलेत."

"ताई, मला खरंच ठाऊक नव्हतं गं."

"नसेलही. पण बरोब्बर त्याच दिवसांत तू सुट्टी काढून इथे येऊन बसलास. ह्यांना काय सांगू? आणि खरं विचारशील तर मलासुद्धा..." तिने कागदाची घडी घातली.

तेवढ्यात पुन्हा विमान आलं. भांडी थरथरली, आतून दाजींची हाक आली. मिस्त्री उठून धावला, पण ताई त्याच्याआधी पोचली आणि तिने आतून दार लोटून घेतलं.